रोलर कोस्टर आणि आपली गोष्ट: खोपोली, आंबेगाव आणि मधला बोरघाट

मुठाकाठ

खोपोलीजवळचं इमॅजिका हे राइड्सचं पार्क आणि पुण्यात आंबेगाव बुद्रुकची, महाराजांचा इतिहास दाखवणारी शिवसृष्टी ही दोन्ही ठिकाणं दिवाळीच्या सुट्टीत लागोपाठ पाहून झाली. सोबत आई-बाबा, बायको, आठवीतली लेक आणि पहिलीतला मुलगा. प्रवासवर्णनाचे धागे इथे भरपूर आहेत, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. एका मुद्द्यावर तुमची मतं हवी आहेत.

इमॅजिका २०१३ साली मनमोहन शेट्टींनी सुरू केलं. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथलं 'नायट्रो' हे कोस्टर खरोखर अव्वल दर्जाचं आहे. बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीची बनावट, उंची चाळीस मीटर, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. पट्टे लावून झाले की गाडी सुटायच्या आधी पायाखालचा फलाटच बाजूला सरकतो आणि पाय मोकळे लोंबकळतात. लेकीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. खाली उतरल्यावर तिचं पहिलं वाक्य, "बाबा, अजून एकदा!"

पण परतताना गाडीत चर्चा रंगली ती राजासॉरसची. होडीतून जायची ती राइड, शेवटी उंचावरून पाण्यात धाडकन. वेगात ती नायट्रोच्या जवळपासही नाही. तरी मुलगा घाटभर तेच बोलत होता, कारण रांगेत उभं असताना मी त्याला सांगितलं होतं की हा डायनासोर आपल्याकडचा आहे. गुजरातेत राहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस. "म्हणजे आपल्या नर्मदेतला?" या प्रश्नावर आजोबाही खुलले. त्यांनी तरुणपणी नर्मदा परिक्रमेचा काही भाग चालला आहे. मग आजोबा सांगताहेत आणि नातू ऐकतोय असा बाकीचा रस्ता गेला.

शिवसृष्टीत उलट चित्र. तिथे राइड कसलीच नाही, पण 'आग्र्याहून सुटका' पाहताना एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी लेक हलली नाही.

तर मुद्दा असा. आपल्याकडे पार्कात 'सांस्कृतिक विभाग' म्हटला की कोपऱ्यात एक मातीचं घर, बैलगाडी, लेझीमवाली मुलं आणि पिठलं-भाकरीचा स्टॉल. लोक फोटो काढतात आणि पुढच्या राइडकडे पळतात. आपली गोष्ट राइडच्या पोटात का शिरत नाही? रूळ, वेग, अंधार, उंची यातूनच ती का सांगता येऊ नये? असं कुठे चांगलं जमलेलं पाहिलंय का तुम्ही? आणि पुण्याच्या आसपासची कोणती गोष्ट तुम्ही रुळांवर चढवाल?

---

यंत्रवेडा

विषय जिव्हाळ्याचा काढलात. भोसरीत यंत्रांच्या सहवासात आयुष्य गेलं, म्हणून आधी यंत्राविषयी लिहितो. गोष्ट सांगायची तर कोस्टरला काय जमतं आणि काय नाही, हे ठाऊक हवं.

नायट्रोसारख्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. चाळीस मीटरवरून पडणारी वस्तू तळाशी ताशी १०० किलोमीटरच्या घरात पोहोचते, हे दहावीच्या सूत्रातून कुणालाही काढता येईल. चढताना जो टक-टक-टक आवाज बऱ्याच कोस्टरवर ऐकू येतो, तो साखळीचा नव्हे. गाडीखालचे खटके रुळालगतच्या दातेरी पट्टीवर पडत जातात, त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ते असतात. ज्या आवाजानं पोटात गोळा येतो, तोच आवाज तुमची राखण करत असतो.

चाकंही तिहेरी असतात: रुळाच्या वर, बाजूला आणि खाली. खालच्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसानं १९१९ च्या सुमाराला घेतलं, तेव्हापासून गाडी रुळावरून उचलली जायची भीती संपली.

आणि माणसाला उलटं करणारा तो रुळांचा फेरा, म्हणजे लूप! नीट पाहिलात तर तो गोल नसतो, अश्रूच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. १८९५ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला अगदी गोल लूपचं कोस्टर बांधलं होतं, त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. गोल लूपमध्ये शिरताक्षणी सगळा भार एकदम अंगावर येतो. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं १९७६ च्या कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी हळूहळू आवळत जाणारी वक्ररेषा वापरली आणि लूप पुन्हा सुरू झाले. रेल्वेच्या वळणांनाही साधारण हेच गणित लावतात.

इमॅजिकातलं 'डीप स्पेस' वेगळ्या जातीचं. तिथे चढ नाही, चुंबकीय मोटर गाडीला अंधारात सरळ फेकते. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात दोन हत्यारं आली: साखळीचा संथ चढ, ज्यात प्रेक्षकाशी बोलायला वेळ मिळतो, आणि फेक, ज्यात तो मिळत नाही. पुण्याजवळची गोष्ट निवडताना हे ध्यानात ठेवा.

---

सकाळची_शाळा

मुठाकाठ, तुमची कळकळ पोहोचली, तरी एका बाबतीत मी ठाम आहे. महाराजांची गोष्ट कोस्टरवर नको. मी इतिहास शिकवते. १७ ऑगस्ट १६६६ हा दिवस वर्गात सांगताना आजही माझा आवाज बदलतो. औरंगजेबाच्या पहाऱ्यातून लेकरासह निसटलेला राजा, ही गोष्ट किंचाळत, हात वर करून बघायची नाही.

शिवसृष्टीनं तेच भान ठेवलंय. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं स्वप्न, एकवीस एकर जागा, आणि १९ फेब्रुवारी २०२३ ला सरकारवाड्याचा पहिला टप्पा खुला झाला. दगडी वाड्यात शिरलं की मुलं आपोआप हळू बोलायला लागतात. ते वातावरण मोडू नये.

लोकजीवनाचं म्हणाल तर कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम पाहा. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, न्हावी दाढी करतोय, कुंभार चाक फिरवतोय, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांतून शेतात, झाडांखाली उभं केलंय. माझ्या वर्गातल्या मुलींनी तिथे कासाराचा पुतळा पाहून बांगड्या भरण्याबद्दल इतके प्रश्न विचारले की पुढचे दोन तास आम्ही तोच धडा घेतला. वेगाशिवाय मुलं रमत नाहीत हे मला मान्य नाही.

---

मुठाकाठ

ताई, महाराजांच्या बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्याही मनात ती गोष्ट नव्हती. कणेरी मठ यादीत टाकला.

---

स्टुटगार्टची_वाट

मूळची सदाशिव पेठेतली, आता नोकरीमुळे जर्मनीत. "असं कुठे जमलंय का" याला माझं उत्तर, हो.

फ्रान्सच्या सीमेलगत रुस्ट नावाच्या छोट्या गावात ऑयरोपा-पार्क आहे. १९७५ साली माक कुटुंबानं काढलं. हे लोक १७८० पासून वाल्डकिर्श गावात गाड्या बांधायचे, पुढे सर्कशीचे आणि जत्रेतले वॅगन, मग राइड्स. पार्कातले विभाग युरोपातल्या देशांच्या नावाचे आहेत. आइसलँडच्या भागात 'वोडान' हे लाकडी कोस्टर आहे, २०१२ चं, उंची साधारण तुमच्या नायट्रोइतकीच. रांग ज्या वाटेनं जाते तिथेच नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवाच्या कथा उभ्या केल्या आहेत. गाडीत बसेपर्यंत तुम्ही त्या कथेत पोहोचलेले असता. तिथे रांग म्हणजे निव्वळ ताटकळणं नसतं, गोष्टीचा पहिला अंक तिथेच होतो. आपल्याकडे रांगेत लोखंडी कठडे आणि पंखे असतात, ती जागा वाया जाते.

त्याहून मला भावलेलं नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग. १९५२ साली ते सुरू झालं ते परीकथांच्या जंगलापासून, आन्टोन पीक या चित्रकारानं रेखाटलेल्या. कोस्टर पुष्कळ नंतर आले. २०१५ मध्ये त्यांनी 'बॅरन १८९८' बांधलं. एक खाणमालक, जमिनीखालचं सोनं, आणि त्याची राखण करणाऱ्या पांढऱ्या बायका. त्यांच्याकडच्या लोककथांतल्या त्या. गाडी वर जाऊन कड्यावर थबकते, खाली थेट खाणीचं तोंड दिसतं, आणि मग सरळ उभी त्यात कोसळते. म्हणजे जमिनीत शिरायची गोष्ट आणि गाडीची हालचाल एकच आहे. एक काढून दुसरं ठेवताच येणार नाही. मुठाकाठ, तुम्ही म्हणताय ते हेच ना?

---

मुठाकाठ

अगदी हेच! हालचाल आणि गोष्ट एकच हवी. राजासॉरस नदीत आहे आणि आपण होडीत आहोत, म्हणून ते पोरापर्यंत पोहोचलं. आता पुण्याच्या आसपास अशी गोष्ट शोधायची, जी सांगायला वळण, चढ, अंधार, उतार लागतातच.

---

बोरघाटी

शोधायला लांब जायची गरज नाही. तुम्ही ज्या घाटातून खोपोलीला उतरलात, तीच गोष्ट.

रेल्वेत होतो, लोणावळ्यातच निवृत्त झालो. जरा सविस्तर लिहितो.

१८५० च्या दशकात रूळ मुंबईकडून खोपोलीपर्यंत आले होते आणि १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा हा तुकडाही सुरू झाला. मधला घाट मोकळा. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, मग पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनं घाट चढून खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. पाच वर्षं हे असंच चाललं. १८६३ मध्ये घाट पुरा झाला. अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. सगळ्यात कठीण जागी चढ सदतीस फुटांना एक फूट.

आता यंत्रवेडा यांनी कान द्यावा. त्या काळी गाडीला एका दमात वर नेता येईना, कड्याला वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी सरळ कड्याच्या टोकावर जाऊन थांबायची. पुढे रूळ संपलेले, खाली दरी. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि आतापर्यंतचं शेपूट तोंड होऊन गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. १९२९ च्या सुमाराला नवीन मार्ग झाला आणि ते बंद पडलं. आजसुद्धा कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. बँकर लागताना बसणारा तो हलका धक्का ओळखीचा असेल तर तुम्ही घाटातले.

आणि रस्त्याची गोष्ट याच्याही आधीची. जुन्या मार्गावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती एका धनगरानं दाखवली आणि त्याला त्याबद्दल जीव गमवावा लागला, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. अजूनही ट्रकवाले तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. साहेबानं आखणी केली, पण वाट मेंढ्यांमागे फिरणाऱ्यालाच ठाऊक होती.

---

यंत्रवेडा

बोरघाटीकाका, हे वाचून जागेवरून उठून फेऱ्या मारल्या. तुम्ही सांगितलेलं रिव्हर्सिंग स्टेशन कोस्टरमध्ये हुबेहूब करता येतं. फ्लोरिडात डिस्नेच्या अॅनिमल किंगडममध्ये २००६ पासून हिमालयाच्या कथेवरचं कोस्टर आहे. गाडी तुटलेल्या रुळापाशी थांबते, मागचा सांधा बदलतो, आणि ती उलटी अंधारात सुटते. तंत्र सिद्ध झालेलं आहे. हिमालयाची गोष्ट फ्लोरिडात सांगतात आणि बोरघाटाची गोष्ट बोरघाटाच्या पायथ्याशी कुणी सांगत नाही!

माझ्या डोळ्यासमोर असं येतंय. रांग धनगरवाड्यातून आणि पायवाटेनं. चढ साखळीनं, संथ, एकामागून एक छोटे बोगदे. प्रत्येक बोगद्यात बाजूला मजूर, सुरुंग, कंदील. टोकावर गाडी थांबते, पुढे मोकळं आकाश. मागून हलका धक्का. बँकर! आणि मग उलट्या दिशेनं.

सांधा बदलताना मागची दुसरी गाडी त्या टप्प्यात शिरता कामा नये. कोस्टरचे रूळ अशाच टप्प्यांत वाटलेले असतात. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडलीच जात नाही, आणि हे तत्त्व रेल्वेच्या सिग्नलवरूनच आलंय. म्हणजे काकांची रेल्वे आधीपासून कोस्टरच्या आत आहेच.

---

सकाळची_शाळा

बोरघाटीकाका, पाठ्यपुस्तकात बोरी बंदर ते ठाणे १८५३ एवढ्यावर रेल्वे संपते. हे वर्गात सांगणार.

पण एक गोष्ट नोंदवते. १८६१ च्या सुरुवातीला या घाटात बेचाळीस हजारांवर माणसं एका वेळी कामाला होती. कॉलऱ्यानं आणि अपघातांनी हजारो गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यानंतर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिनं काम पुढे चालवलं. तिचं नाव निदान कागदावर राहिलं. दरीत दोरावर लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडणाऱ्यांचं एकही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांच्या मरणावर मौजेची राइड उभी राहणार असेल तर मला ती नको.

---

बोरघाटी

ताई, हे बोललात ते फार बरं केलंत. माझे आजोबा गँगमन होते. घाटात पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन दरड बघत फिरायचे. मला विचाराल तर राइड हवी, आणि त्यात हा सगळा भाग न झाकता हवा. लोक दर शनिवारी या घाटातून दोन-अडीच तासांत मुंबईला जातात आणि खिडकीबाहेर धबधबा तेवढा बघतात. पंचवीस बोगदे कुणी हातानं खोदले हे दहा वर्षांच्या पोराला एकदा अंगावर येऊन कळलं, तर तो पुढच्या वेळी खिडकीतून वेगळं बघेल.

---

सकाळची_शाळा

गँगमनच्या नातवानं असं म्हटल्यावर मी विरोध करणार नाही. फक्त शेवट किंकाळीवर नको. गाडी थांबल्यावर, बाहेर पडायच्या वाटेवर त्या माणसांसाठी जागा हवी. दुकानाच्या आधी.

---

पर्वतीपायथा

चर्चा सुंदर चालली आहे, मधेच व्यवहाराचं विचारते. सासू-सासरे सत्तरीचे, जाऊबाईंची मुलं सहा आणि बारा वर्षांची. इमॅजिकाला सगळ्यांनी जावं का? ज्येष्ठांनी दिवसभर काय करायचं?

---

मुठाकाठ

ताई, जरूर जा, पण ज्येष्ठांचा दिवस कोस्टरच्या खाली बाकावर पिशव्या सांभाळण्यात घालवू नका. हे पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती त्याच पट्ट्यात. महडचा वरदविनायक खोपोलीजवळच, आणि पार्कच्या रस्त्यानं पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. आदल्या दिवशी निघून दोन्ही दर्शनं, मुक्काम, दुसऱ्या दिवशी पार्क, असं आम्ही केलं. आई-बाबांना ती त्यांची सहल वाटली. पालीच्या देवळातली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिलेली, असं सांगतात. बारा वर्षांच्या मुलाला ती दाखवा आणि १७३९ ची लढाई तिथेच सांगा. मागे सरसगड दिसतोच.

पार्कात आई-बाबांना आवडलं ते 'आय फॉर इंडिया'. खुर्चीत बसून मोठ्या पडद्यासमोर देशावरून उडत गेल्याचा अनुभव. वेगाचा त्रास नाही. आईनं खाली उतरून सगळी ठिकाणं ओळखून दाखवली.

---

यंत्रवेडा

पर्वतीपायथाताई, थोडी भर. गेट उघडल्याबरोबर मोठं कोस्टर आधी गाठा, दुपारी आतल्या, छपराखालच्या राइड्स. जेवणानंतर लगेच कोस्टर नको. पावसाळ्यात विजा कडाडल्या की बाहेरच्या राइड्स थांबवतात, तेव्हा जून-जुलैत आशा बेताची ठेवा. पहिल्या रांगेत बसलं तर समोरचं सगळं दिसतं. शेवटच्या रांगेत बसलं तर माथ्यावरून खाली खेचलं जाणं जास्त जाणवतं, कारण पुढचे डबे आधीच उताराला लागलेले असतात.

आणि हात जोडून एक विनंती. उंचीच्या पट्टीपाशी सहा वर्षांच्या मुलासाठी घासाघीस करू नका. टाचा वर करायला शिकवू नका. खांद्यावरचा पट्टा ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. अंग लहान असेल तर तो बंद होतो, पण धरून ठेवत नाही. कर्मचारी प्रत्येकाचा पट्टा हातानं ओढून बघत पुढे जातो, तेव्हा त्याच्याकडे बघा. त्या दोन सेकंदांवर पुढची सगळी मजा उभी आहे.

---

पर्वतीपायथा

फार उपयोगी. सासूबाईंना महड-पालीचं सांगितलं, त्यांनी लगेच सासऱ्यांना कॅलेंडर आणायला पाठवलं. दोघांचे आभार.

---

स्टुटगार्टची_वाट

बोरघाटीकाका, माझी आजी पुण्याहून मुंबईला जाताना घाट लागला की खिडकीतून हात जोडायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, शिंग्रोबाला. मुठाकाठ, तुमच्या त्या राइडची रांग तिथूनच सुरू होऊ द्या.

---

मुठाकाठ

लेकीनं हा सगळा धागा वाचला आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बोरघाटाचं रिव्हर्सिंग स्टेशन करायचं ठरवलंय. गोटी आणि फोमच्या नळ्या अर्ध्या कापून केलेले रूळ. तिला शेवटी एक लूपही हवाय. घाटात लूप नव्हता हे मी सांगितलं, तरी हवाच आहे. यंत्रवेडा, गोटी लूपमध्ये वरून खाली पडते आहे. काय करावं?

---

यंत्रवेडा

लूपची त्रिज्या मोजायला सांगा. घर्षण सोडून दिलं तर गोटी जिथून सोडायची ती जागा लूपच्या तळापासून त्रिज्येच्या अडीच पट उंच हवी. पण गोटी घरंगळते, तिची थोडी शक्ती स्वतःभोवती फिरण्यात जाते, म्हणून सुमारे २.७ पट. फोमचं घर्षण धरून तीन पटीच्या वरच ठेवा. त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल तर तीस-पस्तीस सेंटिमीटरवरून सोडा. नळीचे जोड आतून चिकटपट्टीनं सपाट करा, गोटी बहुतेक वेळा तिथेच अडखळते. आणि लूप गोल न ठेवता वर थोडा चिमटा. रिव्हर्सिंगच्या टोकाला नळी किंचित वर उचला, म्हणजे गोटी थांबून आपोआप मागे फिरेल. सांध्यासाठी पुठ्ठ्याची एक झडप पुरे: जाताना गोटीच्या धक्क्यानं उघडणारी, परत येताना बंद राहून तिला खालच्या नळीत वळवणारी. अडलं तर फोटो टाका.